लेव्हल काय लिहू?

फॉर्मवर तीन चौकोन होते. बिगिनर, इंटरमिजिएट, ॲडव्हान्स्ड. ठाण्यातल्या त्या क्लासच्या गारेगार केबिनमध्ये मी पेनाचं टोपण काढून बसले होते आणि पेन काही कागदावर टेकत नव्हतं. समोरची मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. तिसऱ्यांदा म्हणाली, "मॅडम, कुठल्याही एकावर टिक करा. बॅच एकच आहे."

तेव्हाच उठून विठ्ठलवाडीची गाडी धरायला हवी होती. पण नवख्या माणसाला समोरच्याच्या बोलण्यातली खोट कळत नाही, सगळी खोट आपल्यातच आहे असं वाटतं. मी 'बिगिनर'वर टिक केली.

मी उल्हासनगरात, कॅम्प ४ मध्ये राहते. लालचक्कीपासून चालत दहा मिनिटं. जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्यात अकरा वर्षं हिशेब लिहिते. टॅली येतं, जीएसटीचं रिटर्न भरता येतं, लग्नाआधी एमएस-सीआयटी केलं होतं त्याचं सर्टिफिकेट देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात आहे. मोठे शेठ वहीवर भागवणारे. त्यांचा मुलगा पुण्याहून एमबीए करून आला आणि पहिल्याच आठवड्यात मला म्हणाला, "दीदी, डेटा ॲनालिटिक्स सीख लो. फ्यूचर वही है." मी हो म्हटलं. नाही म्हणायलाही आधी ते काय आहे हे माहीत असावं लागतं.

रात्री भांडी झाल्यावर मोबाइलवर एकदा शोधलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मोबाइल मला शोधू लागला. शून्यापासून शिखरापर्यंत, सहा महिन्यांत नोकरी, फक्त आज फी निम्मी. हे 'फक्त आज' पंधरा दिवस चाललं. प्रत्येक जाहिरातीखाली तीच नावं : एक्सेल, एसक्यूएल, पायथन, पॉवर बीआय, टॅब्लो, आर. नववीतल्या माझ्या मुलाला विचारलं, "आर म्हणजे पुढे काय?" तो म्हणाला, "पुढे काही नाही, तेवढंच नाव आहे."

ठाण्याच्या त्या क्लासात मोफत डेमो होता. सरांनी पडद्यावर पायथन उघडलं. त्यासाठी ॲनाकोंडा टाकून घ्या म्हणाले, आणि पहिल्याच ओळीत पांडाज नावाचं काहीतरी बोलावलं. अजगर, ॲनाकोंडा, पांडा. राणीच्या बागेत शिरल्यासारखं झालं. पायथन हे नाव सापावरून नाही, 'मॉन्टी पायथन' नावाच्या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून आलंय, हे मुलानं नंतर सांगितलं. त्या दिवशी मला विनोद कुठेच दिसत नव्हता. ओळीच्या सुरुवातीला माझी एक स्पेस जास्त पडली म्हणून लाल अक्षरांत चूक आली. मुलं पुढे गेली, मी ती स्पेस शोधत राहिले. "हे तर बेसिक आहे," सर मागे न बघता म्हणाले. एक्सेल का नको, असं मी धीर करून विचारलं, तर म्हणाले, "बिग डेटा एक्सेलमध्ये मावत नाही."

मग फीचा कागद आला. बहात्तर हजार, सोप्या हप्त्यांत. इथे मात्र माझं डोकं ताळ्यावर आलं, कारण कागद वाचणं हा माझा रोजचा धंदा. हप्ता म्हणजे दर महिन्याला क्लासला पैसे, असं मी धरून चालले होते. कागदावर होतं फायनान्स कंपनीचं कर्ज. क्लासला सगळी रक्कम पहिल्याच दिवशी मिळणार, आणि मी दुसऱ्या आठवड्यात क्लास सोडला तरी हप्ते फिटेपर्यंत सुटका नाही. "घरी विचारून सांगते," म्हटलं. हे वाक्य बायकांना फार ठिकाणी उपयोगी पडतं.

परतीच्या गाडीत उभ्या उभ्या एक हिशेब केला. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात. कारखान्यातलं मालाचं रजिस्टर मी आठ वर्षांपूर्वी एक्सेलमध्ये आणलं, त्यात वर्षाला साधारण अठराशे ओळी पडतात. म्हणजे शीट भरायला पाचशे ब्याऐंशी वर्षं. तोवर शेठचे वंशज काहीतरी सोय करतील. पण मर्यादा खोटी नाही, हेही नंतर समजलं. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये कोरोनाच्या चाचण्यांचे आकडे जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये उतरवत होते. त्या फाइलला ६५,५३६ ओळींचीच जागा. त्यापुढच्या ओळी गळाल्या आणि १५,८४१ रुग्ण वेळेवर मोजणीत आलेच नाहीत. सरांचं म्हणणं खरं होतं, फक्त ते माझ्या रजिस्टरबद्दल नव्हतं.

बहात्तर हजारांचा धसका घेतल्यावर मी फुकटाकडे वळले. स्वयं पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम आहेत. शिकायला पैसे नाहीत, परीक्षेला बसायचं तर वेगळी फी. मी घाईघाईनं एक घेतला. पहिला आठवडा छान गेला. दुसऱ्यात सरासरीभोवती चिन्हं गोळा झाली. तिसऱ्यात एका सिग्मापुढे मी अशी थांबले की पाठीमागे लावलेली डाळ करपली. मग पान नीट वर सरकवून पाहिलं. हा कोर्स कोणासाठी आहे आणि आधी काय यायला हवं, दोन्ही तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. बारावीचं गणित आणि थोडं प्रोग्रामिंग. 'मोफत' एवढाच शब्द वाचून मी खाली उतरले होते. शेठच्या कुठल्याही कागदावर मी अशी सही करणार नाही.

तिसरा प्रयोग घराजवळ. दोन शनिवार-रविवार 'ॲडव्हान्स्ड एक्सेल'. बेसिक डोक्यावरून गेलं होतं, म्हणून ॲडव्हान्स्डच्या पाटीखालून शिरताना पाय कापत होते. पहिल्या शनिवारी चौकटींना बॉर्डर मारली, रंग भरले, बेरीज केली. दुपारपर्यंत मी शेजारच्या दोघींना बेरीज शिकवत होते. घरी येताना जास्तच गोंधळले. एका ठिकाणचं बेसिक मला झेपत नव्हतं, दुसऱ्या ठिकाणचं ॲडव्हान्स्ड मला कधीचं येत होतं. मग मी आहे तरी कुठे?

तो क्लास संपल्यावर एका रविवारी बहीण आणि भाचा आले. भाचा ऐरोलीला कंपनीत डेटाचंच काम करतो. मी सगळी रडकथा सांगितली. त्यानं कोर्सचं नावच काढलं नाही. पोह्यांची ताटली बाजूला ठेवून म्हणाला, "मावशी, शेठ तुला सारखं विचारतात आणि तू अंदाजानं उत्तर देतेस, असा एखादा प्रश्न आहे का?"

होता की. वॉशिंगवाल्यांचा. शिवलेली जीन्स धुलाईला जाते. वालधुनी नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं, तेव्हापासून आमचा माल धुलाईला शहराबाहेर जातो. दोन वॉशिंगवाले आहेत. माल परत येतो तेव्हा काही पीस डॅमेज निघतात आणि शेठ दर महिन्याला विचारतात, "कोण जास्त बिघडवतो?" मी म्हणते, "पहिला." नेहमी त्याच्याच गोणीतून डॅमेज निघतात, असं डोळ्याला दिसतं म्हणून.

"मग हे तुझ्याच रजिस्टरमधून काढ," भाचा म्हणाला. "अडशील तिथे लिहून ठेव, मी का अडले. ती यादी मला पाठव."

दोन रविवार नुसते साफसफाईत गेले. एकाच पार्टीचं नाव मी आठ वर्षांत पाच तऱ्हांनी लिहिलं होतं. कुठे ट्रेडर्स, कुठे ट्रेडिंग, कुठे नावाच्या शेवटी एक न दिसणारी स्पेस. ठाण्यात जिच्यापायी मी अडले होते, तीच ती, माझ्याच घरात आठ वर्षं राहत होती. आपल्याला दिसत नाही, पण एक्सेलला ती वेगळी पार्टी वाटते. हे काम कंटाळवाणं म्हणावं तर मला कंटाळा आला नाही. चलान आणि वही ताडून बघण्यात माझी अकरा वर्षं गेलीत.

मग भाच्यानं फोनवर पिव्होट टेबल सांगितलं. माउसनं कॉलमचं नाव इकडून तिकडे ओढायचं, झालं. एका वर्षाचे हजार-हजार पीस घेतले. पहिल्याचे ८४ डॅमेज, दुसऱ्याचे ४८. माझा अंदाज खरा ठरला. शेठना फोन लावणार, तेवढ्यात मनात पाल चुकचुकली. अवघड माल आम्ही पाठवतो कोणाकडे? गडद रंगाचा, दगड घालून धुवायचा, फाटण्याची भीती असलेला सगळा माल जातो पहिल्याकडेच, कारण दुसरा तो घ्यायला कां कू करतो.

वॉशच्या प्रकाराचा कॉलम मध्ये ओढला. साधा वॉश : पहिल्याचे २०० पिसांत ४ डॅमेज, दुसऱ्याचे ८०० पिसांत २४. म्हणजे दोन टक्के आणि तीन टक्के. अवघड वॉश : पहिल्याचे ८०० पिसांत ८०, दुसऱ्याचे २०० पिसांत २४. दहा टक्के आणि बारा टक्के. दोन्हीकडे पहिलाच चांगला, आणि एकत्र केलं की तोच वाईट! मी चार वेळा बेरीज तपासली. अकरा वर्षं मी त्या माणसाचं नाव शेठच्या कानावर घालत होते.

भाचा म्हणाला, ह्याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्प्सन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञानं १९५१ मध्ये त्यावर लेख लिहिला. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात १९७३ च्या प्रवेशांतही असंच निघालं होतं. एकूण आकड्यांत मुलींना कमी प्रवेश दिसत होते, पण विभागवार पाहिलं तर बायकांविरुद्धचा तो कल दिसेना. जिथे प्रवेश मिळणं मुळातच कठीण, त्या विभागांत मुलींचे अर्ज जास्त होते. "हे आम्हाला वर्गात शिकवलं," तो म्हणाला, "तुला तुझ्या गोण्यांनी शिकवलं." मला तो शब्द माहीत नव्हता, आणि पिव्होट मी त्याच आठवड्यात शिकले होते. पण अवघड माल कुठे जातो, हे कुठल्याही सॉफ्टवेअरला ठाऊक नव्हतं.

त्या रात्री मला आमचे कॅम्प आठवले. बाहेरचा पाहुणा आला की त्याला वाटतं, कॅम्प १ साधा आणि कॅम्प ५ भारी, किंवा उलट. तसं काहीच नाही. कल्याणच्या लष्करी छावणीचे हे भाग. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथल्या बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी पायाभरणी करून उल्हासनगर हे नाव दिलं. नंबर लष्कराचे, ते तसेच राहिले. कॅम्प ३ 'पास' होऊन कोणी कॅम्प ४ ला येत नाही. ज्याचं जिथे काम, तो तिथे जातो. जाहिरातींनी मात्र माझ्या मनात एक जिना बांधला होता : तळाला एक्सेल, टोकाला पायथन, आणि मी जिन्याखाली चपला काढून उभी.

अडलेल्या जागांची यादी बनली ती अशी. एका शीटमधला दर दुसऱ्या शीटमध्ये आपोआप आणता येत नाही. दर महिन्याला तीच साफसफाई पुन्हा हातानं करावी लागते. शेठना मोबाइलवर बघता येईल असं चित्र काढता येत नाही. भाच्यानं प्रत्येकापुढे एकेक शब्द लिहिला : लुकअप, पॉवर क्वेरी, पॉवर बीआय. खाली जोडलं, 'एसक्यूएल थोडं शिक, पुढे लागेल. पायथन सध्या नको.' एसक्यूएलचं नाव वाचून पोटात गोळा आला. पण ती भाषा १९७० च्या दशकात आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी केली, तीच मुळी प्रोग्रामर नसलेल्यांनाही माहिती विचारता यावी म्हणून. मग हायसं वाटलं. पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी माझा विचार केला होता.

आता क्लास शोधायला निघाले ती यादी पर्समध्ये घेऊन. लेव्हल कोणती, हे विचारणंच सोडलं. पहिल्या दिवशी मला आधी काय यायला हवं? दुसऱ्या आठवड्याचा सराव आत्ता दाखवाल का? शेवटी माझी स्वतःची फाइल घेऊन बसता येईल का? पहिल्या दोन ठिकाणी सराव दाखवायला नकार मिळाला, तिथून मी फीचा आकडाही न विचारता उठले. लॅपटॉपचंही विचारायला शिकले. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट मिळतं, पण ते विंडोजवरच चालतं. धाकट्या शेठनी मोठ्या मनानं देऊ केलेला जुना मॅक म्हणूनच नको म्हटला. आणि शेवटी वेळ. संध्याकाळी सातच्या बदलापूर गाडीत विठ्ठलवाडीला चढून दाखवणं हा एक स्वतंत्र ॲडव्हान्स्ड कोर्स आहे. म्हणून रविवार सकाळ.

अंबरनाथला स्टेशनजवळ एक लहान क्लास सापडला. दोन खोल्या, आठ कॉम्प्युटर, तीन महिने. शिकवणाऱ्या बाई पूर्वी कारखान्यात स्टोअर सांभाळायच्या. त्यांनी दुसऱ्या आठवड्याचा सराव उघडून माझ्यापुढे ठेवला. दहा प्रश्नांतले चार मला सुटले, तीन अर्धवट, तीन अजिबात नाही. त्या म्हणाल्या, "बरोबर जागी आलात. दहाही सुटले असते तर मी परत पाठवलं असतं, आणि एकही सुटला नसता तरी."

मग त्यांच्या हाताखालच्या मुलानं फॉर्म पुढे केला. त्यावरही तेच तीन चौकोन. मी तिन्ही मोकळे सोडले आणि बाजूला लिहिलं, 'पिव्होट येतं. दोन याद्या जोडता येत नाहीत. डॅमेज माल कळतो.'

मुलगा बघतच राहिला. "ताई, हे कॉम्प्युटरमध्ये भरायचंय. यात बसत नाही ते."

"मग शेरा म्हणून टाका," मी म्हटलं. "शेऱ्याचा कॉलम असतोच."