नाव नसलेला आवाज

तापानं घसा बसला, तशी करडी गावातल्या घरात नुसती पडून आहे. यूट्यूबवर मी नाव न सांगता, चेहरा न दाखवता आजीच्या ओव्या गाते. दिसतो तो फक्त जात्याचा खुंटा आणि पाळीभोवती साचलेलं पीठ. ऐकणारे वाढले ते निव्वळ आवाजावर, याचं खोल समाधान आहे. नवी ओवी आली नाही तेव्हा कुणीतरी विचारलं, "ताई, बऱ्या आहात ना?" डोळे भरून आले. अशाच जात्यावरच्या ओव्यांचे अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, गाणाऱ्या बायांची नावंगावंही टिपली. फार मोलाचं काम. मग मीच का लपते? सासरची भीड, की आणखी काही? उमगत नाही. पुढच्या ओवीखाली आजीचं नाव मात्र लिहिणार आहे.