माळावरची पारध

वाशिम जिल्ह्यातली शिकार ही माळावरची शिकार आहे. मेळघाटासारखे सलग रान इथे नाही. मुरमाड टेकाडे, गावोगावची ई-क्लास (सरकारी) पडीक जमीन, नाल्याकाठची झुडपे आणि त्यांना वेढून असलेली सोयाबीन-तुरीची शेते, असा हा मुलूख आहे. जनावरेही त्याला साजेशी: काळवीट, रोही (नीलगाय), रानडुक्कर, ससा, तितर, लाव्हा आणि पावसाळ्यात तणमोर. घनदाट जंगलात शिकाऱ्याला झाडाचा आडोसा मिळतो, मचाण बांधता येते, जनावर जवळ येईपर्यंत दडून बसता येते. माळावर यातले काहीच नसते. शिकाऱ्याला जनावर दिसते त्याच्या बराच आधी तो स्वतः जनावराला दिसलेला असतो. त्यामुळे इथली पारधीची कला हत्याराभोवती वाढली नाही. जनावर कधी बिचकते, कुणाला बिचकत नाही आणि पळाले तर कुठून पळते, या तीन गोष्टींच्या माहितीवर ती उभी राहिली.

काळवीट उघड्यावर राहते, कारण त्याचा भरवसा नजरेवर आणि पायांवर असतो. ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास वेग त्याला गाठता येतो. गवत वाढले की ते उंच उड्या मारत पुढचे पाहून घेते. मोठा नर आपली जागा धरून असतो. त्या जागेत तो ठरलेल्या ठिकाणी लेंड्या टाकतो आणि दुसरा नर आत आला की शिंगाला शिंग लावतो. कळप उधळला की बहुधा एखादी जाणती मादी पुढे होते आणि बाकीचे तिच्या मागे रांगेने निघतात. विशेष म्हणजे कळप वाट फुटेल तिकडे जात नाही. धुऱ्यातली फट, नाल्याचा उतार, दोन टेकाडांमधली खिंड अशा रोजच्या पायवाटाच तो धरतो. पाठलाग करून काळवीट हाती लागत नाही, पण त्याची वाट आधी कळली असेल तर पाठलागाची गरजच उरत नाही.

ही वाट ओळखणे हे फासेपारध्यांचे काम. वऱ्हाडात त्यांची वस्ती ‘बेडा’ म्हणून ओळखली जाते आणि वाशिम-अकोल्याच्या माळांवर असे बेडे आजही आहेत. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात पारध्यांचे पोटभेद नोंदले आहेत: फास लावणारे फासेपारधी, लंगोटी पारधी, बंदूक वापरणारे शिकारी किंवा भिल्ल पारधी, जात्याला टाकी लावून देणारे टाकणकार, चित्ता बाळगणारे चित्तेपारधी. नावे बहुतेक धंद्यावरून पडली आहेत. आजच्या सरकारी कागदावर सगळे एकाच ‘पारधी’ या शब्दात बसवले जातात, पण फास लावणाऱ्याची विद्या आणि बंदूकवाल्याची विद्या यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही.

फास म्हणजे एका लांब दोरीला ठरावीक अंतरावर बांधलेल्या सरकफासांची माळ. ती जमिनीलगत खुंट्यांनी ताणून ठेवायची. जनावराचा पाय किंवा पक्ष्याची मान आत गेली की फास आवळतो. वस्तू साधी आहे, अवघड आहे ते तिची जागा ठरवणे. फास वाटेच्या मधोमध हवा, पण जनावर ज्या ठिकाणी थांबून समोर पाहते तिथे नको. तिथे त्याची नजर जमिनीवरही फिरते. उतार सुरू होऊन पाय आपोआप पुढे पडतात, तिथे तो लावायचा. वारा फासाकडून कळपाकडे वाहत असेल तर माणसाच्या हाताचा वास आधी पोहोचतो आणि सगळी मेहनत वाया जाते. फास लावताना तुडवलेले गवत पुन्हा उभे करावे लागते. या सगळ्यात घाई चालत नाही.

मग कळप फासाकडे न्यायचा. ‘हाकणे’ हा शब्द इथे फार ढोबळ ठरतो. कळप उधळला तर तो फासाच्या बाजूने निसटतो. पारधी त्यासाठी बैल किंवा गाय वापरत. शिकवलेले जनावर वेसणीने हळूहळू चालवायचे, चरत असल्यासारखे मधूनमधून थांबवायचे आणि माणसाने त्याच्या अंगाआड चालायचे. काळवीट दिवसभर गुरांच्या सोबतीने चरत असते, म्हणून त्याला बैलाची भीती नसते. बैलाच्या पोटाखालून दिसणारे दोन पाय त्याला माणसाचे वाटत नाहीत, निदान लगेच तरी नाही. बैलाची चाल बदलली की कळप माना वर करतो. तो जेवढा सरकवायचा तेवढाच सरकवून पुन्हा थांबायचे. या पद्धतीत शिकाऱ्याइतकाच बैल कसबी असावा लागतो. असा बैल तयार करायला लागणारा वेळ लक्षात घेतला, तर पारध्याची खरी गुंतवणूक फासापेक्षा बैलात असे.

दुसरी रीत आमिषाची. पाळलेला काळवीट नर शिंगांना फास बांधून मोकळ्या कळपाजवळ सोडायचा. जागा धरून असलेला रानटी नर त्याच्यावर चालून जातो आणि शिंगे अडकतात. अकबराच्या दरबारी ही शिकार राजेशाही करमणूक होती. आईने-अकबरीत तिचे वर्णन आहे. पिंजऱ्यातल्या पाळीव तितराच्या हाकेवर रानातला नर भांडायला येतो आणि भोवती मांडलेल्या फासात सापडतो, हे त्याच तत्त्वाचे गरिबाघरचे रूप. तणमोराच्या बाबतीत तर आमिषाचीही गरज नसे. पावसाळ्यात नर गवतातून दीड-दोन मीटर उंच उडी घेतो आणि दिवसातून कितीतरी वेळा त्याच ठरावीक जागेवरून. एकदा उडीची जागा हेरली की काम सोपे. हा पक्षी आज जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत मोजला जातो, त्याला माळरान नष्ट होण्यासोबत त्याची ही उघड सवयही कारणीभूत आहे. बंदूकवाल्यांनीही तिचा भरपूर फायदा घेतला.

चित्त्याची शिकार मात्र पैसेवाल्यांचीच. चित्तेपारधी चित्ते पकडून माणसाळवत आणि संस्थानिकांना पुरवत. डोळ्यांवर टोपी चढवून चित्त्याला बैलगाडीतून कळपाजवळ नेत, टोपी काढत आणि सोडत. धाव लहान, पण निकाल तिथल्या तिथे. भारतातले चित्ते विरळ झाल्यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर दरबाराने आफ्रिकेतून चित्ते आणवले आणि इथल्या चित्तेवानांनी त्यांना इथल्या काळविटांवर सोडले. आफ्रिकेचा प्राणी मराठी मुलखात शिकार करतो, हा प्रकार आज कुनो राष्ट्रीय उद्यानात आणलेल्या चित्त्यांच्या बातम्यांमुळे नवा वाटतो, पण तसा तो नाही.

आफ्रिकेतल्या शिकारी सफारीशी या साऱ्याची तुलना केली तर फरक लगेच दिसतो. तिथे परवाना, वाटाड्या, तंबू, जीप आणि व्यावसायिक शिकारी हे सारे विकत मिळते. पाहुण्याने चाप ओढायचा. जनावर शोधणारा, वाळूतल्या पायखुणांवरून ते किती वेळापूर्वी गेले हे सांगणारा, जखमी रेड्यामागे झुडपात शिरणारा माणूस स्थानिक असतो आणि फोटोत बहुधा कडेला असतो. केनियाने १९७७ मध्ये अशी शिकार बंद केली. टांझानिया, नामिबिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांत ती परवान्याने चालू आहे. नामिबियात परवान्याचा पैसा गावांच्या संरक्षित क्षेत्रांकडे वळवला जातो आणि त्यावरून बाजूने व विरोधात भरपूर लिहिले गेले आहे. कसबाच्या दृष्टीने पाहिले तर तिथलीही खरी शिकार गोळी सुटण्याआधीच संपलेली असते आणि ती करणारा दुसराच कुणी असतो.

वऱ्हाडातल्या बंदूकवाल्यांच्या मंडळींचेही फारसे वेगळे नव्हते. बाशीम (आजचे वाशिम) हा ब्रिटिश अमदानीत स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून बहुतांश भाग अकोल्याला जोडला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा पुन्हा वेगळा झाला. त्या मधल्या काळात, शिकारबंदी येईपर्यंत, अधिकारी, देशमुख, पाटील यांच्या शिकारी हाक्यावर चालत. हाकारे नाल्याच्या वरच्या अंगाने ओळीने उतरत, डबे वाजवत आणि बंदूकवाले खालच्या तोंडाशी बसत. ओळीत एक जण मागे राहिला की त्या फटीतून डुक्कर निसटे. रानडुकराची नजर कमजोर पण नाक तिखट, म्हणून बसणाऱ्याने वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसायचे आणि विडी पेटवायची नाही. बार कधी ओळीच्या दिशेने काढायचा नाही, हा पहिला नियम. तो मोडल्याने माणसे मेली आहेत. मांसाचे वाटे ठरलेले: बार काढणाऱ्याचा मान वेगळा, बाकीचे हाकाऱ्यांत. मंडळी गप्पांत रंगत, शेकोटी पेटत असे आणि कुणाच्या गोळीने जनावर पडले यावर रात्रभर वाद चाले. कोणत्या नाल्यात डुक्कर बसले आहे हे सकाळी सांगणारा माणूस त्या वादात नसे.

फासाला आणि बंदुकीला वेगळे करणारी आणखी एक गोष्ट आहे. गोळी सुटल्यावर निवड संपते. फासात सापडलेले जनावर मात्र जिवंत असते. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी समाजांचा अभ्यास केला. फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले एकाच परिसरात राहूनही वेगवेगळी जनावरे वेगवेगळ्या साधनांनी धरतात, असे त्यांना आढळले. फासेपारध्यांचा भर काळवीट आणि पक्ष्यांवर होता, आणि फासात आलेली पाडसे व गाभण माद्या सोडून देण्याची चाल त्यांच्यात होती. यात भूतदया किती आणि हिशेब किती, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. ज्याला पुढच्या वर्षी त्याच माळावर यायचे आहे, त्याच्यासाठी दोन्ही एकच.

कायद्याने या समाजाकडे दुसऱ्याच नजरेने पाहिले. १८७१ मध्ये सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारध्यांसारख्या भटक्या समाजांवर जन्मानेच शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला, पण चोरी झाली की आधी बेड्यावर जाण्याची पोलिसांची सवय त्यानंतरही सुटली नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि काळविटाची शिकार पूर्ण बंद झाली. १९९१ च्या दुरुस्तीने उरलेले शिकार परवानेही गेले. बंदूकवाल्यांचा छंद गेला, फासेपारध्यांचे पोट गेले. कायदा आवश्यक होता यात शंका नाही. भार कुणावर पडला हेही तेवढेच स्पष्ट आहे.

काळवीट या जिल्ह्यात टिकले. कारंजा आणि मानोरा तालुक्यांतल्या माळावर २००० साली कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य झाले; क्षेत्र जेमतेम अठरा चौरस किलोमीटर. कळपांना ही हद्द कळत नाही, ते आजूबाजूच्या हरभऱ्यात उतरतात. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग याच अभयारण्यातून जातो, म्हणून तिथे जनावरांना ओलांडण्यासाठी खास मार्ग बांधावे लागले. ते कुठे असावेत हा प्रश्न मुळात फास लावणाऱ्याचाच: कळप कुठून जातो? कारंजा भागात काम करणाऱ्या ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारध्यांना सोबत घेऊन गवताळ माळ राखण्याचे आणि तणमोराच्या नोंदी ठेवण्याचे काम केले आहे. पवन्यासारखे चांगले गवत कुठे उरले, चराई कधी थांबवली तर पक्षी येतो, अंडी कुठे असू शकतात, हे बेड्यावरच्या माणसाला पुस्तकाशिवाय ठाऊक असते. इथे उपयोगी पडते ती विद्या जुनीच आहे, फक्त शेवटी फास आवळला जात नाही.

रोही आणि रानडुक्कर यांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. रोही कुंपणावरून सहज उडी मारते आणि एका रात्रीत तुरीचे शेंडे खुडते. डुक्कर नांगरल्यासारखे शेत उकरते. शेतकरी माळ्यावर जागल करतो, डबे वाजवतो, जुन्या साड्या धुऱ्याला बांधतो. काही जण तारेत वीज सोडतात. तो गुन्हा आहे आणि त्या तारेने डुकराबरोबरच शेजारी, गुराखी किंवा स्वतः शेतकरी मरण्याचीही भीती असते. पीकनुकसानीची भरपाई मिळते. उपद्रव फार झाला तर वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वनविभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याकडून रोही व रानडुकराच्या पारधीची लेखी परवानगी मागता येते. ती मिळाली तरी अडचण उरतेच: बंदुकीचा परवाना असलेला नेमबाज गावात असायला हवा, आणि रात्रीच्या उभ्या पिकात कुणी नुसत्या सळसळीवर बार काढला तर जखमी जनावर दुसऱ्याच्या शेतात जाऊन मरते. वारा, वाट आणि बसण्याची जागा यांचे ज्ञान परवान्यासोबत मिळत नाही. मारलेले जनावर शासनाची मालमत्ता ठरते. पंचनामा होऊन त्याची विल्हेवाट लावली जाते, मांसाचा वाटा कुणालाही मिळत नाही.