प्रतापगड ते पवनी : पायी जाण्याचा बेत

प्रतापगड म्हटले की आमच्या भागातल्या माणसाला महाशिवरात्रीची यात्रा आठवते. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातले हे गाव. डोंगरावर जुना किल्ला, महादेवाचे ठाणे, आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा. यात्रेच्या दिवसांत हिंदू आणि मुसलमान दोघेही इथे लोटतात, एकाच वाटेने चढतात-उतरतात, एकाच दुकानातून फुटाणे घेतात. ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु वाचकहो, याच प्रतापगडाच्या पायथ्याच्या भागात बौद्धांचीही एक वस्ती आहे, आणि तिथे पाऊल ठेवलेले आपले बांधव फार थोडे आहेत. ती म्हणजे नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत.

१९५९ साली दलाई लामा तिबेट सोडून भारतात आले, त्यांच्यामागून हजारो माणसे डोंगर ओलांडून आली. त्यातल्या काहींसाठी १९७२ साली गोठणगाव-प्रतापगडच्या या जंगलपट्टीत वसाहत उभी राहिली. तेव्हा हा सारा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १९९९ च्या १ मे रोजी वेगळा झाला. बर्फातली माणसे आमच्या उन्हाळ्यात कशी तगली असतील, याचा विचार आपण कधी केला नाही. वसाहतीत विहार आहे, रंगीत पताका आहेत, हातात माळ घेऊन विहाराला फेऱ्या घालणारे म्हातारे-म्हाताऱ्या आहेत. आपली साधी वंदना आणि त्यांचे फिरते प्रार्थनाचक्र यांत फार अंतर आहे, आणि त्या चक्राने दुःख फिटते असे आम्हाला वाटत नाही. तरी हद्दपार होऊनही ज्यांनी बुद्ध सोडला नाही, त्यांच्या दाराशी जाऊन आपण ‘जयभीम’ म्हणावे आणि त्यांचे ‘ताशी देलेक’ ऐकावे, एवढे शेजारधर्माचे नाते तरी असायला हवे की नको?

या प्रश्नातूनच आम्हा मंडळींचा बेत निघाला : प्रतापगडहून निघायचे आणि पवनीच्या स्तूपापर्यंत पायी जायचे. अंतर साधारण सत्तर किलोमीटर. चाळीस माणसे, चार दिवस.

पवनीच का, असे पुष्कळांनी विचारले. जायचेच तर दीक्षाभूमीला जाऊ, म्हणाले. दीक्षाभूमीला आपण जातोच, रेल्वेने, ट्रकने, लेकरेबाळे घेऊन. १९५६ च्या ऑक्टोबरात आपल्याच भागातून माणसे भाकरी बांधून पायी नागपूरला गेल्याचे जुनी माणसे सांगत आली. पण आपल्या शेतांच्या शेजारी, वैनगंगेच्या काठी, इसवी सनापूर्वीचा स्तूप आहे हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये डॉ. शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली पवनीला उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीखाली जो स्तूप निघाला त्याचा व्यास चाळीस मीटरच्या आसपास भरला. सांचीचा मोठा स्तूप छत्तीस मीटरचा आहे. दगडी कठड्याचे खांब निघाले, त्यांवर ब्राह्मी लिपीतले लेख निघाले. मुचलिंद नागराजाचे शिल्प निघाले, नावासकट. तथागतांवर पाऊस कोसळत असता ज्याने फणा धरला तो हा नाग. नाग लोकांची आठवण बाबासाहेबांनी नागपूरच्या भाषणात काढली होती, हे वाचकांना सांगायला नको.

आम्हाला सर्वांत मोलाचे वाटतात ते दानलेख. कुणी एक खांब दिला, कुणी एक शिळा दिली, आणि देणाऱ्याचे नाव दगडावर राहिले. त्यांत राजे-महाराजे शोधावे लागतात. साधीच नावे पुष्कळ, आणि बायकांचीही आहेत. म्हणजे आपण आज विहाराला एक पंखा नाही तर दोन पोती सिमेंट देतो, तसेच ते.

आणखी एक आठवण याच मातीची. १९५४ साली बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर आले, सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता. घटनेच्या शिल्पकाराला या जिल्ह्याने पाडले. आपल्या आज्यांनी त्या वेळी कुठल्या गावाला जाऊन सभा ऐकली, मत द्यायला किती कोस चालल्या, हे वाटेवरच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून टिपून घ्यायचे आम्ही ठरवले आहे. त्या वेळी मत दिलेले लोक आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत.

बेत ठरला, पण तारखेवरच गाडे अडले. त्याची हकीकत सविस्तर सांगतो, कारण असा बेत आखणाऱ्या कुठल्याही गावाला हाच घोळ निस्तरावा लागेल.

आमच्यातल्या शिकलेल्या मंडळींनी माघ पौर्णिमा सुचवली. तीन महिन्यांनी आपले महापरिनिर्वाण होईल असे तथागतांनी वैशालीत सांगितले, तो दिवस. पुढे ऐंशी वर्षांच्या वयात ते पायी कुशीनाऱ्याला गेले. चालण्यासाठी याहून योग्य दिवस कोणता, असा त्यांचा मुद्दा, आणि तो खरा आहे. शिवाय महाशिवरात्र माघ पौर्णिमेनंतर तेरा-चौदा दिवसांनी येते, तेव्हा प्रतापगडचा रस्ता मोकळा मिळतो. पवनीजवळ रुयाड (सिंदपुरी) येथे महासमाधीभूमीचा महास्तूप आहे, तिथला धम्ममहोत्सवही फेब्रुवारीत असतो.

बैठकीत मागे बसलेल्या एका मावशीने तोंड उघडले. “माघात उन्हाळी धानाची रोवणी असते बाप्पा. चार दिवसाची मजुरी बुडन, ते कोन देईल?”

सगळे गप्प झाले. इटियाडोह धरण १९७० च्या सुमारास झाले, गाढवी नदीचे पाणी कालव्यांनी अर्जुनी, लाखांदूर, वडसा भागात फिरले, आणि तेव्हापासून एका पिकाच्या शेतात दुसरे पीक आले. कालव्याच्या पाण्यावर जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा बांधीत चिखल होतो, पुन्हा पऱ्हे निघतात, पुन्हा बायका कमरेतून वाकतात. रोवणीचे काम गटाने घेतले जाते. एक बाई चार दिवस गैरहजर राहिली तर गट तिची जागा भरून काढतो, आणि पुढच्या कामाला तिला विचारतीलच असे नाही. पुरुषांना हे सुचले नाही, कारण रोवणी पुरुष करीत नाहीत.

मग दुसऱ्या तारखा काढल्या. कार्तिकात धान कापणी. मार्गशीर्षात बांधणी-चुरणे, शिवाय ६ डिसेंबरला बरीच माणसे चैत्यभूमीला जाणार. फाल्गुन-चैत्रात मोहफुले वेचायची, आणि त्या दिवसांत मोहाखाली अस्वले येतात. वैशाखात तेंदूपाने, उन्हाचा कडाका वेगळा. उरली ती पौष पौर्णिमा, डिसेंबरचा शेवट ते जानेवारी. राजा बिंबिसाराने तथागतांचा धम्म स्वीकारला तो दिवस म्हणून आपण ती पाळतो. खरीप घरात आलेले असते, उन्हाळी रोवणी बहुतेक सुरू व्हायची असते. अडचण अशी की त्या वेळी तिबेटी वसाहतीतली तरणी माणसे शहरांत स्वेटर विकायला गेलेली असतात. वसाहतीत राहतात म्हातारे आणि लहान मुले.

आमचे मत पौष पौर्णिमेच्या बाजूने आहे. म्हातारे घरी आहेत, तिबेटची आठवण त्यांच्याचजवळ आहे, आणि आम्हाला त्यांच्याशीच बोलायचे आहे. मजूर बाईला मागे ठेवून निघालेली पदयात्रा आम्हाला नको. दहावी-बारावीच्या पोरांची परीक्षाही फेब्रुवारी-मार्चात असते, त्यांनाही पौष बरा.

वाट अशी. पहिल्या दिवशी वसाहतीत वंदना करून अर्जुनी मोरगाव. दुसऱ्या दिवशी लाखांदूर, ही चाल सर्वांत लांब. तिसरा मुक्काम चौरास भागातल्या एखाद्या गावी, चौथ्या दिवशी दुपारपर्यंत पवनी. चुलबंद नदी लाखांदूर तालुक्यात ओलांडायची. साकोली-भंडाऱ्याचा मोठा रस्ता आम्ही मुद्दाम टाळला; तिथे ट्रक अंगावर येतात आणि गाव दिसतच नाही. आतल्या रस्त्याने जुने मालगुजारी तलाव लागतात, बोड्या लागतात, धान कापल्यावर ओलीवर टाकलेली लाखोरी दिसते, नशीब असेल तर सारसांची जोडी. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगामही तोच. तरुणांनी रात्री नाटकाला पळू नये अशी सूचना निघाली आहे, ती कितपत पाळली जाईल ते आम्ही जाणतो.

पहिल्या दिवसाच्या वाटेला जंगल आहे. पहाटे लवकर निघण्याची सवय इथे कामाची नाही. पुरते उजाडल्यावरच निघायचे आणि दिवस बुडण्याआधी गावात शिरायचे. २०२१ मध्ये गडचिरोलीत आलेला रानटी हत्तींचा कळप २०२२ मध्ये अर्जुनी मोरगाव तालुक्यातही आला होता. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी वनविभागाच्या माणसाला विचारायचेच. पोलीस ठाण्यात मार्ग आणि माणसांची संख्या लिहून अर्ज द्यायचा, त्याची शिक्क्याची प्रत जवळ ठेवायची.

शिधा : माणशी एका वेळेला दीडशे ग्रॅम तांदूळ धरला तर चाळीस माणसांना दोन वेळचे रोज बारा किलो, चार दिवसांचे अठ्ठेचाळीस. प्रत्येकाने घरून सव्वा किलो आणला की झाले. डाळ रोज चार किलो, ती गावोगावच्या विहारांनी द्यावी अशी विनंती आहे. देणगीदारांच्या नावांचा फलक लावायचा नाही. अंथरुणे, हंडे-गंज आणि थकलेली माणसे यांच्यासाठी एक छोटा टेम्पो. पौषात रात्री कडाक्याची थंडी पडते, म्हणून माणशी एक चादर आणि एक ब्लँकेट हवेच. चप्पल नवी घेऊ नये. पायाला बसलेली जुनीच बरी, फक्त पट्टे शिवून घ्यावेत.

मुक्काम विहारातच असे नाही. बायकांसाठी आडोसा, पाणी आणि चालू स्थितीतला संडास जिथे असेल तिथे, मग ती शाळा असो की समाजमंदिर. मुक्कामाची जागा पाहायला दोन बायका आधी जाऊन येतील, आणि त्यांनी नाही म्हटले तर ती जागा नाही. चालताना कुणी थांबला तर सगळ्यांनी थांबायचे. शेवटच्या प्रवासात स्वतः तथागत झाडाखाली बसले, आनंदाला चीवर अंथरायला सांगितले आणि पाणी मागितले. आपल्याला बसायला लाज कसली?

पवनीला पोचल्यावर जगन्नाथ टेकडीवर आज मंदिर आहे. तिथे घोषणा द्यायच्या नाहीत, कुणाशी वाद घालायचा नाही. टेकडीच्या पायथ्याशी बसून वंदना घ्यायची, मग एका शिक्षकांनी दानलेखांची माहिती सांगायची, लहान मुलांना ब्राह्मीतले ‘ध’ आणि ‘म’ मातीवर काढून दाखवायचे. संध्याकाळी वैनगंगेच्या घाटावर जेवण, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने घरी.

तारखेचा अंतिम निर्णय येत्या पौर्णिमेच्या बैठकीत होईल. त्या बैठकीला रोवणीच्या गटांतल्या बायकांनी यावे म्हणून ती रात्री, जेवणानंतर ठेवली आहे.