घाटमाथ्यावरचा विसावा

नाशिकाहून मुंबईस जाताना इगतपुरीच्या थांब्याची आम्हांस विशेष गोडी वाटते. गाडी घाट उतरण्यापूर्वी तेथे उभी राहते, डब्यात गार वारा शिरतो, चहा हाती येतो. प्रवाशांच्या दृष्टीने इगतपुरी एवढीच. परंतु त्या गावाचा सारा संसार या थांबण्यावर उभारलेला आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

सह्याद्रीच्या माथ्यावर, सुमारे 2000 फूट उंचीवर हे गाव वसले आहे. या मुलखातील काही पाणी दारणेतून गोदावरीस मिळून पूर्वसमुद्राकडे जाते. काही कोकणात उतरून पश्चिमसमुद्र गाठते. पाण्याच्या जेथे दोन वाटा होतात, तेथे चढून येणाऱ्यास दम खाणे भागच असते. कसाऱ्यापासूनच्या साडेनऊ मैलांत आगगाडीस सुमारे 970 फूट चढावे लागते. काही ठिकाणी चढ 37 फुटांस एक फूट असा आहे. या घाटमार्गाची आखणी करणारे इंजिनियर जेम्स बर्कले 1862 साली निवर्तले. मार्ग खुला झाला तो 1865 च्या आरंभी. कसाऱ्यास गाडीला मागून रेटणारी जादा इंजिने जोडावयाची आणि इगतपुरीस सोडावयाची, या व्यवहारातून येथे रेल्वेची वस्ती वाढली. 1930 च्या सुमारास घाटात वीज आली. पुढे भुसावळकडील विजेचा प्रवाह निराळा निघाला, म्हणून इंजिने बदलण्याचे कामही इगतपुरीकडे आले. एकंदरीत, प्रवाशांची अडचण हीच गावाची मिळकत होती.

आता ती अडचण ओसरत चालली आहे. 2015 साली मुंबईपर्यंत एकच प्रवाह झाला. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला. त्यावरील सुमारे आठ किलोमीटरांच्या बोगद्यातून मोटारी काही मिनिटांत डोंगर ओलांडतात.

वेगास नावे ठेवणे आम्हांस मान्य नाही. घाटात खोळंबलेल्या मनुष्यास वेगाची किंमत ठाऊक असते. तथापि वाचलेल्या मिनिटांचा हिशेब मांडताना, त्या मिनिटांवर ज्यांची चूल पेटत होती त्यांचे नाव खर्चाच्या बाजूस लिहावयास हवे. चढ अद्यापि तितकाच आहे आणि गाड्यांस मागून रेटा अजूनही लागतो. आपण पुढे जातो तेव्हा मागून कोणीतरी रेटीत असतो, एवढे समाजाने विसरू नये.