सेवाग्रामच्या बाथरूममधला पाहुणा

भर पावसाळ्यात वर्ध्याला जा, असं कुणी सांगत नाही. उन्हाळ्यात तर नाहीच नाही! पण जुलैमधला एक लाँग वीकएण्ड मिळाला आणि मी मुंबईहून रात्रीची ट्रेन पकडली. प्लॅन साधा होता. सेवाग्राम, पवनार, गोरसपाकचे दोन डबे आणि परत डेडलाइन.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाथरूमच्या ओल्या फरशीवर तो दिसला. वीतभर लांब, शेवयीसारखा बारीक, पाठीवर गडद रेघा. आणि डोकं? चक्क फावड्याच्या पात्यासारखं. मी किंचाळले. ‘काही करत नाही जी तो, ताई,’ म्हणत खोल्या बघणाऱ्या काकांनी त्याला खराट्याच्या काडीवर उचललं आणि बाहेर झाडाखाली सोडलं.

नंतर शोधलं तर पाहुणे बडे निघाले. बायपॅलियम! यांचा सगळ्यात फेमस भाऊबंद मूळचा आग्नेय आशियातला, पण कुंड्यांतल्या रोपांबरोबर थेट लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये पोचला. १८७८ मध्ये त्याचं बारसंही त्याच बागेच्या नावानं झालं. चपट्या कृमींचं हे खानदान, वीस हजारांहून जास्त जातींचं. यांना फुफ्फुसं नाहीत, रक्त नाही. प्राणवायू कातडीतूनच आत झिरपतो, म्हणून चपटं राहणं भाग. अंग जाड झालं तर आतल्या पेशी गुदमरतील. बायपॅलियमचं तोंड पोटाच्या मध्यावर, आणि जेवण जातं तिथूनच कचराही बाहेर. शेपटीचा तुकडा पडला तर त्याला नवं डोकं फुटतं. आहार, गांडुळं. सही ना? मात्र हात लावू नका. काही जातींत पफर फिशमधलंच विष सापडलंय.

पण या खानदानातले पुष्कळ जण असे मोकळे फिरत नाहीत. दुसऱ्याच्या अंगात बिऱ्हाड करतात. वर्ध्याकडच्या गवळाऊ गाईंचं कौतुक ऐकलं असेल. गाई-बकऱ्यांच्या यकृतात शिरणारा पर्णकृमी आधी पाण्यातल्या गोगलगाईत वाढतो, मग काठच्या ओल्या गवताला चिकटून त्यांच्या पोटात जातो.

आणि पट्टकृमी. त्याची ओळख मला आधीच झाली होती. माझ्या एका मैत्रिणीला गेल्या वर्षी भर मीटिंगमध्ये फिट आली. एमआरआयमध्ये मेंदूत छोटीशी गाठ दिसली, आत पट्टकृमीची अळी. ‘पोर्क कुठे खाल्लंस?’ जो तो विचारायचा. ती बिचारी अंडंही खात नाही! कच्चं राहिलेलं पोर्क खाल्लं तर कृमी आतड्यात वाढतो, हे खरं. पण मेंदूत पोचते ती त्याच्या अंड्यातली अळी, आणि ही अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून. न धुतलेले हात, पाणी, कोथिंबीर, सॅलड. डब्ल्यूएचओच्या मते हा कृमी जिथे मूळ धरून आहे, तिथे अपस्माराच्या सुमारे ३० टक्के केसेसमागे तोच असतो. मैत्रीण औषधांनी बरी आहे, पाणीपुरी मात्र बंद.

म्हणून सेवाग्रामला सगळे चरख्याचे फोटो काढत असताना मी बापूंच्या शौचालयापाशी उभी होते. १९३६ मध्ये गांधीजी या गावात राहायला आले, तेव्हापासून सफाई हा इथला रोजचा कार्यक्रम. आणि पवनारपासून काही किलोमीटरवरचं सुरगाव! १९४६ च्या सुमारास विनोबा तिथे दीड वर्षाहून जास्त काळ रोज खांद्यावर फावडं टाकून चालत जायचे, मैला उचलायला. कृमी त्यांच्या डोक्यात नसावेत. हे काम एकाच जातीच्या माथी का, हा त्यांचा प्रश्न होता. पण मैला मातीआड गेला की डुकराला अंडी मिळत नाहीत, कोथिंबिरीलाही लागत नाहीत. साखळी तिथेच तुटते.

मीही चालत जाणार होते. पावसानं बेत पार धुऊन काढला, शेवटी रिक्षा केली. वाटेत कोथिंबिरीचे वाफे लागले, हिरवेगार.

परतीच्या ट्रेनमध्ये समोरच्या काकूंनी काकडी चिरून पुढे केली. विचारायला जीभ रेटेना, तरी विचारलंच.

‘घरूनच धुऊन आणली नं बाई,’ काकू म्हणाल्या, आणि मिठाची पुडी उघडली.