एका दिवसाचं बिदर

चिटगुप्प्याहून सकाळी निघायचं, बिदर बघायचं आणि दिवेलागणीपर्यंत घरी परतायचं, असा बेत आमच्या भागात पाहुणे आले की हमखास ठरतो. या बेतात पहिला मान किल्ल्याचा. माझं मत जरा वेगळं आहे: हातात एकच दिवस असेल तर सुरुवात किल्ल्यापासून करू नये. किल्ला अवाढव्य. खडकात खोदलेला तिहेरी खंदक, सोळाखांबी मशीद, तख्त महाल बघता बघता ऊन डोक्यावर येतं. शिंपल्याच्या जडावकामासाठी नावाजलेल्या रंगीन महालाला तर बऱ्याचदा कुलूपच असतं. पुरातत्त्व खात्याच्या माणसाला गाठून तो उघडून घ्यावा लागतो. मग दमलेली मंडळी मदरसा रस्त्यावरूनच पाहतात आणि अष्टूर राहून जातं. खरं तर अन्यत्र सहसा दिसत नाही असं बिदरचं वैभव याच दोन ठिकाणी आहे.

अष्टूर शहराच्या पूर्वेला, तीनेक किलोमीटरवर. गुलबर्ग्याहून बहमनी राजधानी बिदरला आणणाऱ्या अहमदशहा वलीची कबर इथे आहे. तो १४३६ मध्ये वारला. घुमटाच्या आतली लाल-सोनेरी चित्रकारी अजून टिकून आहे, पण आत अंधार असतो, म्हणून बॅटरी जवळ हवी. लिंगायत मंडळी याच जागी अल्लमप्रभूंना मानतात आणि उरुसात जंगमाला मान असतो. सीमाभागातल्या माणसाला यात नवल वाटत नाही, पाहुण्यांना मात्र ते समजावून सांगावं लागतं. जवळच हुमायून बहमनीची कबर. वीज पडून तिचा घुमट उभा चिरला, त्यामुळे भिंतीची जाडी आणि आतलं बांधकाम उघडंच दिसतं. धडधाकट इमारत इतकं शिकवत नाही. तिथून शहरात बहमनी वजीर महमूद गावानच्या मदरशाकडे यावं. १४७२ चा हा तीन मजली मदरसा. १६९६ मध्ये दारूच्या स्फोटात त्याचा मोठा भाग कोसळला आणि दोनपैकी एक मिनार गेला. उरलेल्या मिनाराच्या पायाशी उभं राहून वर पाहिलं की रंगीत फरशांचे नागमोडी पट्टे दिसतात. गावानचा मात्र १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या आधारे सुलतानाने शिरच्छेद करवला.

किल्ला न पाहता कसलं बिदर, असं कुणी म्हणेल. किल्ला टाळा असं मी म्हणत नाही. बंद व्हायची वेळ विचारून उन्हं कलल्यावर जा. दुसरा आक्षेप, बहमनी सुलतानांशी आपला काय संबंध? सरकारी धान्य भुकेल्यांना वाटलं म्हणून ज्या बादशहाचा दामाजीपंतांवर कोप झाला आणि ज्याच्या दरबारी विठू महार होऊन पांडुरंगाने धान्याची रक्कम भरली, तो बादशहा बिदरचाच, अशी आपलीच कथा आहे. आता उरला झरणी नरसिंहाचा हट्ट. तिथे देवाला जायचं तर गुहेत छातीभर पाण्यातून चालावं लागतं, गर्दी असली की रांगेतच अर्धा दिवस जातो, आणि ओल्या कपड्यांनी अष्टूरला कोण येणार! त्यासाठी वेगळा दिवस ठेवा, आणि निघण्याआधी दर्शन चालू आहे का तेवढं विचारून घ्या.