गावचे अंगण

अमरकोशात अंगण, चत्वर व अजिर हे शब्द एकत्र दिले आहेत. ते पाठ करून घेताना मुलांना चत्वर दाखविण्यास मज लांब जावे लागत नसे. देवळापुढील पाराभोवतीची मोकळी जागा समोरच असे.

आमचे वडीगोद्री सोलापूर–धुळे महामार्गावर असल्याने येथे हातभर जागेसही मोल आले आहे. आधी टपरी येते, मग पत्रे, मग पक्क्या भिंती. आणि हरिनाम सप्ताहाचा मंडप कोठे घालावा, ही पंचाईत पडते. टपरीवाल्यास दोष देणे सोपे. परंतु आपल्यापैकीच कोणी वडिलांच्या नावे सभागृह बांधून त्यास कुलूप लावितो, तेव्हाही अंगण गेलेच की! हा प्रकार मला अधिक घातक वाटतो, कारण त्यास कोणी अतिक्रमण म्हणत नाही.

याज्ञवल्क्याने गाव व शेते यांमध्ये शंभर धनुष्ये, म्हणजे चारशे हात, भूमी मोकळी सोडावयास सांगितली. नगरास त्याच्या चौपट. आजचा कायदाही दुबळा नाही. पंजाबातील एका गावच्या तळ्यावर घरे उठली होती. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी, बांधकामाचा खर्च वा दीर्घ ताबा यांमुळे बेकायदा कब्जा कायम होत नाही, असे ठरविले. (भूमिहीनांस सरकारने पट्ट्याने दिलेल्या जागेस अपवाद ठेविला, हे योग्यच झाले.) आपल्या ग्रामपंचायत अधिनियमाचे ५३ वे कलमही पंचायतीस अतिक्रमण काढण्याचा अधिकार देते. पण सोयरीक आड आली की कलम मुके होते.

मोकळ्या जागा मोजून त्यांचा नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लावावा, अशी सूचना मी ग्रामसभेस लिहून दिली आहे. मोजणी कोठून धरावयाची, यावरून आताच दोन तट पडले आहेत.